१९७२च्या एमजीबीला कोणतं इंजिन ऑइल घालावं?

पत्र

नमस्कार. आम्ही इंग्लंडात कॉव्हेंट्रीला राहतो. गेल्या महिन्यात १९७२ची एमजीबी रोडस्टर विकत घेतली. इंजिन १७९८ सीसीचं, दोन एसयू कार्ब्युरेटर, गिअरबॉक्सला ओव्हरड्राइव्ह (वेगात इंजिनाचे फेरे कमी ठेवणारा जादा गिअर), पुढे ऑइल कूलर. आधीच्या मालकांनी गाडी सात-आठ वर्षं गॅरेजमध्ये झाकून ठेवली होती आणि आत कोणतं ऑइल आहे याची कुठेच नोंद नाही. ऑफिसातला मित्र म्हणतो, फुल सिंथेटिक ५डब्ल्यू-३० घाल, आज त्याहून चांगलं काही नाही. शेजारचे आजोबा म्हणतात, २०डब्ल्यू-५० घाल आणि वर झिंकची बाटली ओत. बाबांचं सांगलीला ट्रॅक्टर दुरुस्तीचं वर्कशॉप होतं. ते म्हणतात, डिझेलचं १५डब्ल्यू-४० बिनधास्त घाल. सकाळी गाडी सुरू केली की ऑइल प्रेशरची सुई पाच-सहा सेकंद शून्यावरच राहते. फिल्टर उलटा बसवलेला आहे, म्हणजे तोंड खाली आणि बूड वर. गाडी तापली की सिग्नलला प्रेशर १५ पीएसआयपर्यंत उतरतं. खाली तेलाचे थेंबही पडतात. कुणाचं ऐकावं?

उत्तर

शेजारच्या आजोबांचं अर्धं ऐका. चांगलं मिनरल २०डब्ल्यू-५० घाला, झिंकची बाटली मात्र घेऊ नका. मित्राचं ५डब्ल्यू-३० या इंजिनात घालूच नका. बाबा म्हणतात ते वाटतं तितकं चुकीचं नाही, त्याबद्दल पुढे सांगतो.

पण त्याआधी एक काम या आठवड्यातच उरका. आत आहे ते ऑइल काढून टाका. गाडी उभी असली तरी ऑइल आतून खराब होत असतं. चोक ओढून केलेल्या स्टार्टमध्ये सिलिंडरमधून उतरलेलं पेट्रोल, थंडीत धरलेलं पाणी आणि जळणातून आलेली आम्लं हे सगळं त्या ऑइलमध्ये वर्षानुवर्षं बसून आहे. बेअरिंगच्या मऊ धातूला ही आम्लं खातात. तेव्हा डब्यावरच्या नावाचा विचार करत महिनाभर तेच ऑइल फिरवत राहण्यापेक्षा साधं २०डब्ल्यू-५० आजच घातलेलं कितीतरी बरं.

आता कारण. तुमचं इंजिन बीएमसी, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सीरिज घराण्यातलं आहे. बाबांना सांगा, आपल्या ॲम्बॅसेडरचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन याच घराण्यातलं, त्यामुळे त्यांच्या हाताला या इंजिनाची ठेवण ओळखीची वाटेल. कॅमशाफ्ट ब्लॉकमध्ये खाली, त्यावर बादलीच्या आकाराचे सपाट बुडाचे टॅपेट, तिथून पुशरॉड आणि वर रॉकर. हे सपाट बूड फार महत्त्वाचं आहे. आजच्या बऱ्याच इंजिनांत कॅमवर रोलर फिरतो. इथे कॅमचा उंचवटा टॅपेटच्या बुडावर घासत सरकतो. स्प्रिंगचा सगळा दाब त्या क्षणी एका बारीक रेघेवर येतो आणि तिथे ऑइलचा थर टिकेलच असं नाही. थर फाटतो तेव्हा धातूला धातू लागू न देणारं रसायन म्हणजे झिंक आणि फॉस्फरसचं एक संयुग, ज्याला सगळे नुसतं झिंक म्हणतात. उष्णता आणि दाबाखाली ते धातूवर पातळ, काचेसारखा थर धरतं. तो थर झिजतो, पुन्हा धरतो.

दुसरी गोष्ट बेअरिंगची. या इंजिनात क्रँकशाफ्टच्या मेन आणि कनेक्टिंग रॉडच्या बिग एंड बेअरिंगची मोकळीक सुमारे ०.०२५ ते ०.०६८ मिलिमीटर ठेवलेली आहे, तीही इंजिन नवं असताना. पन्नास वर्षांत ती वाढलेलीच असणार. जागा जास्त, म्हणून ऑइलही जाड लागतं. पातळ ऑइल बाजूने निसटतं, पंपाने पाठवलेलं ऑइल शेवटच्या बेअरिंगपर्यंत नीट पोचत नाही आणि प्रेशर पडतं.

आता डब्यावरचे आकडे. ‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा थंडीतल्या वागणुकीचा, नंतरचा तापलेल्या इंजिनातल्या जाडीचा. १०० अंश सेल्सियसला ३० ग्रेडची जाडी ९.३ ते १२.५ सेंटिस्टोकच्या (हे जाडीचं एकक) दरम्यान असते, ५० ग्रेडची १६.३ ते २१.९. याहून बोलका आकडा म्हणजे १५० अंशाला, जोराने घासलं जात असताना ऑइल किती जाड राहतं तो. ३० ग्रेडला तिथे किमान २.९ पुरतं, ५० ग्रेडला किमान ३.७ लागतं. मोटरवेवर ओव्हरड्राइव्हमध्ये तासभर पळवल्यावर तुमची बेअरिंगं या आकड्यावर जगतात. सिग्नलला आज १५ पीएसआय दाखवणारी सुई ५डब्ल्यू-३० घातल्यावर किती खाली जाईल, ते यावरून समजून घ्या.

५डब्ल्यू-३० मधली दुसरी अडचण डब्याच्या पुढच्या बाजूला दिसतच नाही. एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) ऑइलच्या श्रेणी ठरवते; तिच्या एसएम, एसएन आणि त्यापुढच्या श्रेणींत पातळ ग्रेडसाठी, म्हणजे ०डब्ल्यू-२० पासून १०डब्ल्यू-३० पर्यंत, फॉस्फरसला ०.०८ टक्क्यांची कमाल मर्यादा आहे. फॉस्फरस एक्झॉस्टमधल्या कॅटलिटिक कन्व्हर्टरला निकामी करतो, म्हणून ही अट. तुमच्या १९७२च्या गाडीला कॅटलिटिक कन्व्हर्टर नाही, सपाट टॅपेट मात्र आहेत. म्हणजे जे नको ते जपलं जातं आणि जे जपायचं ते उघडं पडतं. ही कमाल मर्यादा २०डब्ल्यू-५० सारख्या जाड ग्रेडला लागू नाही. त्यामुळे ‘एसएन लिहिलंय म्हणजे झिंक कमी’ असं सरसकट धरू नका, ग्रेडसकट वाचा. एपीआयच्या गोल चिन्हात ‘रिसोर्स कन्झर्व्हिंग’ किंवा ‘एनर्जी कन्झर्व्हिंग’ छापलेलं असेल, तर तो डबा परत फळीवर ठेवा.

सिंथेटिक असण्याला आमची हरकत नाही. ‘सिंथेटिक ऑइल सील खातं’ असं जुन्या गाड्यांच्या मंडळींत अजून बोललं जातं. आजच्या ऑइलच्या बाबतीत ते खरं नाही. सिंथेटिक २०डब्ल्यू-५० किंवा १५डब्ल्यू-५० घातलंत तर इंजिनाचं नुकसान होणार नाही. पण या गाडीत ऑइल वर्षाला बदलायचंच आहे, ते जुनं होऊन नव्हे तर घाण होऊन. सिंथेटिकचा मुख्य फायदा, म्हणजे दीर्घ टिकाव, तुम्ही वापरणारच नाही. ते पैसे फिल्टर आणि जास्त वेळा बदलण्यावर घाला.

तर विकत काय घ्यायचं? डब्यावर २०डब्ल्यू-५०, मिनरल, आणि कंपनीच्या तांत्रिक पत्रकात फॉस्फरस साधारण ०.१० ते ०.१३ टक्के, म्हणजे १००० ते १३०० पीपीएम. हे पत्रक बहुतेक कंपन्या त्यांच्या वेबसाइटवर ठेवतात. नसेल तर ईमेल करून विचारा, आणि जी कंपनी आकडा सांगत नाही तिचं ऑइल सोडून द्या. ब्रिटनमध्ये जुन्या गाड्यांसाठी कॅस्ट्रॉल, मिलर्स, मॉरिस, पेनराइट यांची वेगळी क्लासिक ऑइलं मिळतात, आणि व्हॅल्व्होलिनच्या व्हीआर१ रेसिंग २०डब्ल्यू-५० मध्येही झिंक भरपूर असतं. मात्र ‘क्लासिक’ हा शब्द आणि जुन्या धाटणीचा पत्र्याचा डबा याची भुरळ पडू देऊ नका. फॉस्फरसचा आकडा पाहूनच घ्या.

झिंकची बाटली का नको? ऑइल बनवताना झिंक, मळ धरून ठेवणारी आणि मळ सोडवणारी रसायनं एकमेकांच्या मापाने घातलेली असतात. ही सगळी धातूच्या त्याच पृष्ठभागावर जागा धरायला धडपडतात. आधीच पुरेसं झिंक असलेल्या ऑइलमध्ये अजून ओतलं तर ते माप बिघडतं, आणि फॉस्फरस एका हद्दीपलीकडे गेला की टॅपेटचं रक्षण करायचं सोडून तोच धातूला खायला लागतो. शिवाय बाटलीतलं रसायन किती, ते ४ लिटरमध्ये मिसळून किती झालं, हे घरी मोजायची सोय नाही. ऑइल जाड करणारी चिकट रसायनं तर त्याहून वाईट. ती सुई वर चढवतात आणि आजार झाकतात.

आता बाबांचा सल्ला. त्यांचा तर्क बरोबर आहे. डिझेलच्या ऑइलमध्ये परंपरेने झिंक जास्त असतं, आणि एपीआयच्या सीआय-४ या डिझेल श्रेणीचं १५डब्ल्यू-४० या इंजिनाच्या टॅपेटला चांगलं सांभाळतं. प्रवासात दुसरं काही मिळालं नाही तर ते घाला, काळजी करू नका. कायमसाठी मात्र दोन कारणांनी नको. एक, तापलेल्या इंजिनात ४० ग्रेड म्हणजे १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक, तुमची सुई आधीच १५ पीएसआयवर येते आहे, अजून खाली न्यायचं कारण नाही. दोन, डिझेलच्या ऑइलमध्ये काजळी धुऊन काढणारी रसायनं भरपूर असतात. आतली अवस्था माहीत नसलेल्या इंजिनात ती साचलेला चिखल एकदम सोडवतात, आणि तो पंपाच्या जाळीवर जाऊन बसतो. नव्या सीजे-४ आणि सीके-४ श्रेणींत फॉस्फरसवर ०.१२ टक्क्यांची मर्यादा आहे, तीही वाईट नाही.

त्याच कारणाने इंजिन फ्लश नावाचं पातळ ऑइल घालून इंजिन धुऊ नका. त्याऐवजी हे करा. पहिल्यांदा स्वस्तातलं पण २०डब्ल्यू-५०च ऑइल आणि नवा फिल्टर घाला, ८०० किलोमीटर म्हणजे ५०० मैल फिरवा, मग पुन्हा ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदला. मळ हळूहळू सुटतो, फिल्टरमध्ये अडकतो, आणि दुसऱ्या ऑइलचा रंग पाहून आतली अवस्था कळते. चांगलं, पत्रक वाचून घेतलेलं ऑइल दुसऱ्या खेपेला घाला.

बदलताना गाडी आठ-दहा किलोमीटर फिरवून ऑइल तापवून आणा. गाडी सपाट जागी, स्टँडवर नीट टेकवून घ्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. पाने इंची मापाचे लागतील, मेट्रिक पाना घसरून ड्रेन प्लगचे कोपरे गोल करतो. प्लग काढला की ऑइल पंधरा-वीस मिनिटं निथळू द्या. पहिलं थोडं ऑइल पांढऱ्या भांड्यात घेऊन उन्हात धरा. पेट्रोलचा वास येत असेल तर चोक अडकतो आहे किंवा कार्ब्युरेटरची सुई गळते आहे. दुधी रंग दिसला तर पाणी. थोडं असेल तर साचलेलं दव, जास्त असेल आणि रेडिएटरमधलं पाणीही कमी होत असेल तर हेड गॅस्केट. चंदेरी किंवा तांबूस चकाकी म्हणजे बेअरिंग, आणि मग ऑइलच्या निवडीचा प्रश्नच उरत नाही, सम्प (इंजिनाखालची ऑइल साठवणारी टाकी) उतरवून बेअरिंग पाहावी लागतात.

ड्रेन प्लगचा तांब्याचा वॉशर दर खेपेला नवा घ्या. फिल्टर काढल्यावर जुनं रबर फिल्टरसोबतच आलं की माउंटिंगला चिकटून राहिलं, हे बोट फिरवून बघा. त्याच्यावर नवा फिल्टर बसला तर दोन रबरं एकावर एक येतात आणि पहिल्याच वाढलेल्या प्रेशरला तिथून ऑइलची धार सुटते. नव्या रबराला ऑइलचं बोट लावा, हाताने टेकेपर्यंत फिरवा, मग फिल्टरवर लिहिलं असेल तेवढं, बहुधा पाऊण वळसा आणखी. पान्याने आवळू नका.

फिल्टरसकट या इंजिनात साडेसात इंपीरियल पिंट, म्हणजे सुमारे ४.२६ लिटर ऑइल बसतं. कूलर असल्याने आणखी सुमारे ०.४ लिटर, पण नेहमीच्या बदलात कूलर रिकामा होत नाही, तिथलं जुनं ऑइल आतच राहतं. ५ लिटरचा एक डबा पुरतो. आधी ४ लिटर ओता. मग इग्निशन कॉइलची वायर काढून ठेवा, स्पार्क प्लग काढा आणि सुई हलेपर्यंत स्टार्टर मारा, सलग दहा सेकंदांहून जास्त नाही. हे सोडू नका, आणि ऑइल काढून गाडी दिवसभर तशीच उभीही ठेवू नका; या इंजिनाचा पंप कोरडा पडला की ऑइल ओढायला नाखूष असतो. प्रेशर दिसल्यावर प्लग आणि वायर बसवून इंजिन दोन मिनिटं चालवा, बंद करा, पाच मिनिटं थांबा आणि डिपस्टिक पाहून वरच्या खुणेपर्यंत थोडं थोडं भरा. खुणेच्या वर नको. क्रँकशाफ्ट जास्तीचं ऑइल घुसळून फेस करते, आणि फेसाने बेअरिंग तरंगत नाही.

सकाळच्या पाच-सहा सेकंदांचं कारण बहुधा तो उलटा फिल्टरच. रात्रभरात त्यातलं ऑइल परत सम्पमध्ये उतरतं, आणि सकाळी पंपाला आधी फिल्टर भरावा लागतो. आत ऑइल मागे जाऊ न देणारा रबरी व्हॉल्व्ह चांगला असलेला फिल्टरच मागा. दुकानात स्पष्ट विचारा, स्वस्त फिल्टरमध्ये तो एक तर नसतो किंवा कडक होतो. नव्या फिल्टरनंतर हे दोन-तीन सेकंदांवर आलं पाहिजे. नाही आलं तर तोंड वर येईल असा फिल्टर बसवणारं ॲडॅप्टर मिळतं. सुई उचलेपर्यंत ॲक्सिलरेटरला पाय लावू नका.

गरम इंजिन, स्लोवर १५ पीएसआय: हे ठीक आहे. कारखान्याचा आकडा स्लोवर १० ते २५ आणि चालताना ५० ते ८० पीएसआय असा आहे. खरी परीक्षा तापलेल्या इंजिनात ३००० आरपीएमला. तिथे ५० किंवा जास्त असेल तर स्लोवरच्या सुईकडे बघत झोप घालवू नका. ४०च्या खाली असेल तर आधी दुसरा, खात्रीचा गेज लावून पाहा. मग ब्लॉकच्या डाव्या बाजूला मागे घुमटासारखं मोठं नट आहे, त्याखाली प्रेशर रिलीफ व्हॉल्व्ह असतो. तो ७० पीएसआयला उघडायला हवा. स्प्रिंग मऊ झाली किंवा बसायच्या जागी कचरा अडकला की तो आधीच उघडतो आणि प्रेशर गळतं. ते साफ करूनही आकडा वर आला नाही तर पंप आणि बेअरिंग. २०डब्ल्यू-६० घालून आकडा वाढवता येतो, बेअरिंग भरून येत नाही.

थेंबांचं म्हणाल तर आधी ते कुठून पडतात ते बघा. गाडी पुसून खाली पुठ्ठा ठेवा. रॉकर कव्हरचं कॉर्क, मॅनिफोल्डखाली टॅपेट झाकणारी दोन कव्हरं आणि पुढचं टायमिंग कव्हर सील या नेहमीच्या जागा. कव्हरं जास्त आवळली की पत्रा वाकतो आणि गळती वाढते. आणि आधी क्रँककेसचा श्वास मोकळा आहे का ते तपासा: पुढच्या टॅपेट कव्हरपासून कार्ब्युरेटरकडे जाणारा पाइप, आणि ऑइल ओतायचं झाकण. ते तुंबलं तर आतला दाब मिळेल त्या फटीतून ऑइल बाहेर ढकलतो, आणि लोक उगाच सीलवर सील बदलत बसतात.

पुढे किती दिवसांनी? ३००० मैल किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. वर्षातून एकदाच बदलणार असाल तर हिवाळ्याआधी, गाडी झाकण्यापूर्वी बदला. वसंतात बदलण्याची पद्धत आम्हाला पटत नाही. वापरलेल्या ऑइलमधली आम्लं चार महिने बेअरिंगवर ठेवायची कशाला? काढलेलं ऑइल बंद डब्यात भरून कौन्सिलच्या रीसायकलिंग केंद्रावर द्या. रोजच्या वापरात स्टार्ट केल्यावर जागेवर दहा मिनिटं तापवत बसू नका, चोक लवकर आत ढकला आणि हळू निघा. पाण्याची सुई वर आल्यावरही ऑइल तापायला आणखी बराच वेळ लागतो. तोवर ३०००च्या वर नेऊ नका.

ऑइल आपलं काम करतंय की नाही, हे टॅपेट सांगतात. थंड इंजिनात आठही व्हॉल्व्हचे गॅप ०.०१५ इंच (०.३८ मिलिमीटर) लावा आणि वहीत लिहून ठेवा. १००० मैलांनी पुन्हा मोजा. सगळे सारखेच थोडे हलले तर चिंता नाही. एकच गॅप दर वेळी वाढत असेल तर त्या कॅमचा उंचवटा झिजतो आहे, आणि कोणतंही ऑइल तो परत वाढवणार नाही. कॅमशाफ्ट आणि टॅपेट एकत्रच बदलावे लागतील, आणि नव्या जोडीला पहिल्याच स्टार्टनंतर लगेच वीस मिनिटं २००० ते २५०० आरपीएमवर चालवावं लागेल, स्लोवर अजिबात सोडायचं नाही.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण इथे चूक फार होते. एमजीबीच्या गिअरबॉक्समध्येही २०डब्ल्यू-५० इंजिन ऑइलच जातं, गिअर ऑइल नाही. ओव्हरड्राइव्ह त्याच ऑइलवर चालतो. तुमच्या गिअरबॉक्सला मिळून सुमारे ३.४ लिटर लागतं. मॉलिब्डेनम किंवा घर्षण कमी करणारं कोणतंही रसायन असलेलं ऑइल तिथे नको, ओव्हरड्राइव्हचा क्लच घसरायला लागतो. जीएल-५ गिअर ऑइल सिंक्रो रिंगच्या पितळेला खाऊ शकतं. ईपी ९० गिअर ऑइल फक्त मागच्या ॲक्सलमध्ये.

आणि ५ लिटरच्या डब्यात उरलेलं ऑइल एसयू कार्ब्युरेटरच्या डॅम्परमध्ये घाला. वरचं काळं टोपण उघडा, पोकळ पिस्टन रॉडच्या टोकापेक्षा अर्धा इंच वर येईल इतकंच भरा. बाकीचं डिकीत ठेवा.